दोघांच्या सह्यांचं खातं

आमच्या घरात नवरा-बायकोनं जोडीनं बाहेर जायची पद्धत नाही. जायचंच असेल तर सोबत आठ-दहा माणसं पाहिजेत. आई आणि दादा एकदा त्र्यंबकेश्वरला गेले होते, पण तेव्हा टेम्पोत चौदा जण होते. आई मागे बायकांत बसली होती आणि दादा पुढे ड्रायव्हरजवळ. आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीतून बसस्टॉपपर्यंत जायचं तरी दादा पंधरा पावलं पुढे चालतात आणि आई मागून. नवीन माणसानं पाहिलं तर ही दोघं एकमेकांच्या ओळखीची असतील असा संशयसुद्धा त्याला येणार नाही.

ही पद्धत धोंडाबाईआत्याची. आत्या ही दादांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा दादांना आत्यानंच वाढवलं. पुढे आत्याचे यजमान वारले आणि दादा चांदवडला जाऊन तिला आमच्याकडे घेऊन आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. दादा पॉवर स्टेशनमध्ये फिटर आहेत, त्यामुळे क्वार्टर त्यांच्या नावावर आहे. पण तो चालवते आत्या. दोन खोल्या, एक मोरी, समोर धुराच्या दोन चिमण्या. चिमण्या सोडून बाकी सगळं आत्याच्या ताब्यात आहे.

जोडीनं जाण्याला एकच सूट होती, ती म्हणजे बँक.

१९८० साली दादांनी नाशकातल्या एका बँकेत स्वतःच्या आणि आईच्या नावानं संयुक्त खातं काढलं आणि त्या खात्यातून पाच वर्षांची आवर्ती ठेव सुरू केली. आवर्ती ठेव म्हणजे दर महिन्याला ठरलेले पैसे न चुकता भरायचे आणि मुदत संपली की व्याजासकट उचलायचे. आमचे पन्नास रुपये. ते कशासाठी, हे घरातल्या तिघांनी तीन तऱ्हांनी ठरवलेलं आहे. दादा म्हणतात, प्लॉट. आत्या म्हणते, शैलाचं लग्न. आई म्हणते, बघू. शैला म्हणजे मी.

तर पगार झाला, की येणाऱ्या पहिल्या बुधवारी, म्हणजे दादांच्या सुट्टीच्या दिवशी, आई-दादा नाशिकला जायचे. खातं दोघांचं, तेव्हा सह्या दोघांच्या लागणार. शेजारच्या कुसाबाईंनी एकदा विचारलंच, "काय धोंडाबाई, आज जोडी कुठं निघाली?" तर आत्याच उलट तिच्या अंगावर गेली. "जोडी काय म्हणती? सरकारचा नियम हाय. सही करायला चालली बिचारी. तुमचा नवरा बँकेत पैसे टाकत नाय म्हणून तुम्हाला ठावं नाय."

त्या दिवशी आई जांभळी साडी नेसायची. नऊच्या बसनं जायचे, साडेपाचला यायचे. बँकेला इतका वेळ लागतो याचं आत्याला कधी नवल वाटलं नाही. तिच्या मते सरकारी काम लवकर झालं तर त्यात काहीतरी चुकलेलं असतं. परत आल्यावर आई एकदम हलकी झालेली असायची. भाकऱ्या थापताना गुणगुणायची. दादांचा चेहरा मात्र थोडा पडलेला दिसायचा. मला वाटायचं, बँकेत पुरुषांना जास्त काम असेल.

यंदा मी नववीत गेले आणि आमच्या शाळेच्या संचयिकेची व्यवस्थापक झाले. संचयिका ही शाळेतली मुलांची बँक. मुलं चार आणे, आठ आणे आणून देतात, मी पासबुकात लिहिते आणि शिक्का मारते. आमच्या बोरस्ते बाईंनी मला बचतीची एक पुस्तिका वाचायला दिली, ती मी तीनदा वाचली. पूर्वी मी चारचौघांत बोलायला घाबरायचे. पण शिक्का हातात आल्यापासून मला कुठल्याही विषयावर बोलता येतं, हे माझ्या लक्षात आलं.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री सगळे जेवायला बसले होते. आवर्ती ठेवीवर व्याज कसं चढतं हे आत्याला समजावून सांगावं म्हणून मी दादांचं पासबुक काढलं. पहिल्याच पानावर इंग्रजीत जांभळा शिक्का होता. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर.' हे पुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले.

"आत्या, हे बघ. या खात्याला दोन सह्या लागतच नाहीत! दोघांपैकी कोणीही एकानं सही केली तरी चालते."

"म्हंजे?" आत्या म्हणाली.

"म्हणजे एकटे दादा गेले तरी काम होतं. आई नुसतीच जाते."

दादांनी मीठ मागितलं. मीठ त्यांच्या ताटात होतं.

"नियम आत्ता बदलला असंल," दादा म्हणाले.

"नाही दादा, शिक्क्याखाली तारीख आहे. जून ऐंशी."

"शैला, ताक घे," आई म्हणाली.

"तीन वर्षं व्हत आली," आत्या म्हणाली. "मंग दिवसभर काय करीत होता?"

"रांग असती ना, आक्का," दादा म्हणाले.

"बँक अडीचला बंद होते," मी म्हणाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माहिती होती. "आणि खरं सांगू का, दादांनीसुद्धा जायची गरज नाही. एकदा बँकेला लिहून दिलं की बँक दर महिन्याला आपणहून आपल्या खात्यातले पन्नास रुपये काढून ठेवीत टाकते."

"आपल्याला न इचारता?"

"हो."

"चोर बी तेच करतो," आत्या म्हणाली. "ते काय नको. वाल्मीक एकटा जाईल. मालनचं बसभाडं वाचंल."

मग तिनं एकतीस महिन्यांचं बसभाडं तोंडी काढलं. जाऊन-येऊन. मी तिला मदत केली. दादा जेवत होते. आई उठून आत गेली आणि बराच वेळ काही शोधत होती. आत आमच्याकडे शोधण्यासारखं फारसं काही नाही.

फेब्रुवारीत दादा एकटे गेले आणि एक वाजता घरी आले. आत्या खूश झाली. "बघ! दुपारचं गरम जेवायला घरात!" दादा गरम जेवले. आईनं त्या दिवशी घरातली सगळी पितळेची भांडी काढून चिंचेनं घासली, जी दिवाळीला घासतो तीसुद्धा. मी म्हटलं, "आई, तू रागावलीस का?"

"कशाला? बरं झालं. पाय दुखायचे माझे."

पण त्यानंतर घर बिघडलं. भांडण झालं असतं तर कळलं असतं, भांडण झालंच नाही. आई-दादांमध्ये जे काही बोलणं असायचं ते माझ्यामार्फत होऊ लागलं. दादा हाताच्या अंतरावर बसलेले असताना आई म्हणायची, "शैला, दादांना सांग, तेल संपलंय." दादा म्हणायचे, "आईला सांग, ऐकू आलं." निफाडला आईच्या भाचीचं लग्न होतं. दादांनी आत्याला परस्पर सांगून टाकलं, की जायला जमायचं नाही, बॉयलर दुरुस्तीला बंद ठेवायचा शटडाउन आहे. आईनं पत्रिका घडी घालून डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी दादांचा डबा उघडला तर भाकरीखाली पत्रिका निघाली, असं दादांच्या कामावरच्या माणसांनी नंतर आम्हाला सांगितलं.

मार्चमध्ये आमच्या शाळेत दहावीचं परीक्षाकेंद्र होतं, म्हणून आम्हाला सुट्टी होती. त्या बुधवारी दादा बाराच्या बसनं बँकेत निघाले तशी मी म्हटलं, "मी येते. मला खरी बँक बघायची आहे." आत्या म्हणाली, "ने तिला. शिकंल." मुलीनं बापाबरोबर जायला हरकत नव्हती.

खरी बँक आमच्या संचयिकेपेक्षा मोठी होती, पण शिक्का तसाच वाजत होता. काम आहेर साहेब नावाच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर होतं. त्यांनी स्लिप पाहिली, पासबुकात लिहिलं आणि विचारलं, "गेल्या महिन्यापासून मॅडम दिसत नाहीत?"

"घरी काम असतं," दादा म्हणाले.

सगळं मिळून अठरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं. मला वाटलं आता बसस्टॉप. पण दादा शालिमारच्या बाजूला वळले आणि एका बागेच्या फाटकाशी गेले. पाय आपोआप नेत असावेत, कारण तिथं पोचल्यावर ते जरा दचकले. फाटकाला लागून रसवंती होती. रसवाल्याचं नाव कारभारी, हे मला नंतर कळलं. त्यानं दादांना पाहिलं आणि न विचारता फळीवर दोन ग्लास ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आज बी वहिनी नाय? मंग भांडायचं कुणाशी?"

दादा म्हणाले, "ही माझी मुलगी."

"असू द्या," कारभारी म्हणाला. "ही बी भांडंल मोठी झाल्यावर." आणि त्यानं मशीन सुरू केलं.

आम्ही आतल्या बाकावर बसलो. मी विचारलं, "दादा, तुम्ही आणि आई इथं भांडायला यायचे?"

दादांनी रस अर्धा केला. मग म्हणाले, "कुठं भांडणार मग? घरात दोन खोल्या. एकीत आक्का, एकीत तू. आक्कानं मला वाढवलंय. तिच्यासमोर तुझी आई मला काही बोलली तर आक्का तिच्यावर जाणार, आणि मी काही बोललो तर आक्का माझ्या बाजूनं बोलणार. आक्का बाजूनं बोलायला लागली की भांडण हातात राहत नाही."

"मग इथं काय करायचे?"

"महिन्याचं जे असेल ते ती धरून ठेवायची. इथं बसली की एकेक काढायची. मी ऐकायचो. मधे एखादं उत्तर द्यायचो, ते चुकायचं, मग परत ऐकायचो. तीनपर्यंत मिटायचं. मग रस."

"आणि मिटलं नाही तर?"

"मग दोन ग्लास."

"आईला माहीत होतं, तिची सही लागत नाही हे?"

"पहिल्याच दिवशी आहेर साहेबांनी दोघांना सांगितलं, कोणीही एक जण आला तरी चालेल. मी म्हटलं, छान झालं, तुझी दगदग वाचली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, हे घरी बोलायचं नाही." दादांनी ग्लास खाली ठेवला. "शैला, महिन्यातून चार तास मी तुझ्या आईशी बोलायचो. बाकीचे दिवस मीठ दे, पाणी दे. आता ते चार तास गेले. दोन महिन्यांचं साचलंय तिच्याजवळ. रात्री कूस बदलते तेव्हा मला भीती वाटते."

मी रसाचा ग्लास बाकावर ठेवला. बँक अडीचला बंद होते. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"दादा, तुम्ही बसा," मी म्हटलं. "माझं बँकेत थोडं काम राहिलंय."

आहेर साहेब डबा बंद करत होते. मी म्हटलं, "साहेब, एका सहीचं संयुक्त खातं दोन सह्यांचं करता येतं का?"

ते माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघायला लागले. "करता येतं. दोघांनी अर्ज द्यायचा, माझ्यासमोर सह्या करायच्या. पण बाळ, लोक दोनाची एक करून घ्यायला येतात. एकाची दोन करायला या टेबलावर अजून कोणी आलेलं नाही. दर वेळी दोन माणसांच्या सह्या, एक गावाला गेला की काम अडणार."

"अडू दे. आणि मग दर महिन्याला दोघांना इथं यावं लागेल ना?"

"छे, यायचं कशाला? स्लिपवर घरून दोन सह्या करून आणल्या तरी चालतील."

"हे कुठं छापलेलं आहे का?"

"छापलेलं असं नाही."

"मग राहू द्या," मी म्हटलं. "फक्त अर्ज द्या."

त्यांनी अर्ज दिला.

त्या संध्याकाळी आत्या बाहेरच्या खोलीत सुपात गहू पाखडत होती. आई आत पीठ मळत होती. दादा उंबऱ्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. बुटांना पॉलिश ते फक्त अवघड वेळी करतात. मी आत्याच्या समोर बसले.

"आत्या, त्या एका सहीचं मी पुन्हा वाचलं. त्यात एक गोष्ट राहिली होती."

"आता काय?"

"दोघांपैकी कोणीही एक जण सही करून पैसे भरू शकतो, तसंच कोणीही एक जण सही करून सगळे पैसे काढूही शकतो. ठेव मोडूनसुद्धा."

"वाल्मीक कशाला काढंल?"

"दादा असं मी म्हटलं नाही. कोणीही."

सूप थांबलं. "म्हंजे मालन?"

"हो."

"एकटी?"

"एकटी."

"माझ्या डोळ्यादेखत?"

"तुझ्या डोळ्यामागं. बँक नाशकात आहे."

आत पीठ मळायचा आवाज बंद झाला. दादांचा ब्रश एकाच जागी फिरत होता. आत्यानं सूप खाली ठेवलं. "आन् तीन वर्षं आपण असंच झोपलो?"

"हो."

"मंग ते दोन सह्यांचं करता येत नाय का?"

मी अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. आत्याला वाचता येत नाही, पण अर्ज तिनं दोन्ही बाजूंनी बघितला. मग म्हणाली, "आन् त्या शिक्क्यात आणखी काय लिव्हलंय? तू मगाशी कायतरी म्हणाली, राहिलं होतं म्हणून."

खरं म्हणजे ते मी सांगणार नव्हते. पण विचारल्यावर सांगावं लागलं. "त्यात 'सर्व्हायव्हर', म्हणजे हयात, असंही आहे. म्हणजे दोघांतलं एक गेलं, तर जे उरेल त्याला पैसे मिळतात. कुणाला विचारावं लागत नाही."

आत्यानं गव्हातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"तुझ्या मामांचे पोस्टात नऊशे रुपये होते," ती म्हणाली. मामा म्हणजे तिचे यजमान. "दिरांनी काढले. तेराव्याच्या आत. मी मागायला गेले तर पोस्टातला म्हणाला, बाई, तुमचं नाव कुठंच नाय." मग तिनं अर्ज मला परत दिला. "ते हयातीचं खोडायचं नाय. वाल्मीकच्या मागं मालन कुणाच्या दारात उभी राहायला नको. पण तो हाय तवर दोघांच्या सह्या. लिव्ह."

"दोघांनी मिळून, किंवा हयात," मी लिहिलं.

आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ होतं. ती म्हणाली, "आक्का, मग मला दर महिन्याला जावं लागेल."

"जावं लागंल तर जायचं."

"पण घरचं?"

"मी काय मेले का?"

"आणि बसभाडं?"

मला ठसका लागला. पण आत्या म्हणाली, "एवढ्या पैशापुढं बसभाड्याचं काय घेऊन बसली? दोघांनी जायचं, दोघांनी यायचं. त्याला एकट्याला बी सोडायचं नाय आन् तू बी एकटी जायचं नाय."

आई आत गेली. मी पाठोपाठ गेले. मला वाटलं ती हसेल, निदान माझ्याकडे बघेल तरी. ती पिठाचा गोळा करत होती, आणि गोळ्याची काही चूक नव्हती.

"म्हणजे मी चोर," ती हळूच म्हणाली.

"अगं पण आई, तुला जायला मिळतंय ना!"

"चोर म्हणून मिळतंय."

पुस्तिकेत यावर काही नव्हतं. मी म्हटलं, "मी आत्याला सांगते, की मी तसं म्हटलं नव्हतं."

"तू नको सांगू काही. तू लहान आहेस, तुझं मी मनाला लावून घेत नाही." गोळा परातीत आपटला. "तिथं उंबऱ्यावर बसून ज्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बुटांना पॉलिश केलं, त्यांना विचारीन मी. जागेवर गेल्यावर."

बाहेर ब्रशचा आवाज थांबला होता.

एप्रिलच्या पहिल्या बुधवारी आम्ही तिघं गेलो. मला आत्यानंच पाठवलं, दोघांच्या सह्या खरंच होतात का ते बघायला. आई जांभळी साडी नेसली होती. बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी मधे. नाशिकरोड येईपर्यंत दादा दोनदा म्हणाले, "ऊन वाढलंय." दोन्ही वेळा खरंच वाढलं होतं.

आहेर साहेबांनी अर्ज वाचला आणि आईला विचारलं, "ताई, नीट विचार केलाय ना? यानं तुमचीच गैरसोय होणार."

"होऊ द्या," आई म्हणाली.

"कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. काय लिहू?"

दादा वर पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता. आई म्हणाली, "घरच्यांची इच्छा, असं लिहा."

साहेबांनी लिहिलं. दादांनी सही केली. मग आईनं पदर खांद्यावर नीट घेतला, टाक हातात घेतला आणि एकेक अक्षर सुटं काढत 'मालन वाल्मीक गांगुर्डे' लिहिलं. आईची शाळा तिसरीपर्यंत झाली. सही करताना ती श्वास धरते. साहेबांनी नवीन शिक्का मारला, पासबुकात चौतिसाव्या हप्त्याची नोंद केली आणि म्हणाले, "झालं. आता या दोघांशिवाय एक रुपया हलणार नाही."

मी म्हटलं, "फार छान झालं." माझ्याशिवाय तसं कुणाला वाटल्यासारखं दिसलं नाही.

बाहेर आल्यावर दादा बसस्टॉपकडे वळायला लागले. आई बागेकडे वळली होती. दादा थांबले आणि तिच्यामागून गेले. फाटकाशी कारभारीनं आईला पाहिलं आणि तो हातातला ऊस ठेवून उभाच राहिला. "आल्या! वहिनी, दोन महिने लय सुनं होतं हो इकडं!"

"मुलीला रस द्या," आई म्हणाली. "आमचं नंतर."

मला पलीकडच्या बाकावर बसवण्यात आलं. मला तिथून काही ऐकू येणार नाही असं त्यांना वाटत होतं. आई बाकाच्या एका टोकाला बसली, दादा दुसऱ्या टोकाला. तिनं चपला काढल्या, पाय वर घेतले, पिशवी मांडीवर ठेवली. घरात आई कधी पाय वर घेऊन बसत नाही.

"फेब्रुवारीपासून घेते," ती म्हणाली.

आणि तिनं घेतलं. आईचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे ओरडत नव्हती, पण वाक्यं पुरी करत होती. घरात तिची सगळी वाक्यं अर्धीच असतात. निफाडच्या लग्नाचं निघालं. शटडाउन खरंच होता का, हे निघालं. नव्हता. मग शटडाउन नव्हता तर तसं का सांगितलं, हे निघालं. दादा म्हणाले, "आक्काला एकटं ठेवून कसं जायचं, म्हणून." त्यावर आई म्हणाली, "मग असं म्हणायचं. आक्काला एकटं ठेवता येत नाही हे मला कळतं. शटडाउन कशाला लागतो मला? मी काय बॉयलर आहे?"

दादा हसले. ते चुकलं. त्यात पुढची वीस मिनिटं गेली.

माळी पाणी घालत घालत त्यांच्या बाकापर्यंत आला आणि वळसा घालून पुढे गेला. मी दुसरा ग्लास घेतला. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मदत मागत असावेत असं वाटलं, पण त्यांच्या तोंडावरून तसं अजिबात वाटत नव्हतं. ते बाकाच्या टोकावरून सरकत सरकत मध्यापर्यंत आले होते. बहुतेक नीट ऐकू यावं म्हणून.

साडेतीन वाजले. आईनं पिशवीतून शेंगदाणे काढले, अर्धे दादांच्या हातावर ठेवले आणि बोलणं तिथून पुढे सुरू केलं.

चार वाजायला आले तसे दादा घसा साफ करून म्हणाले, "मालन, ते चोरबिर जे झालं, ते मी आक्काशी बोलतो. आजच बोलतो. मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

आई थांबली. तिनं दादांकडे नीट पाहिलं. तिच्या हातात एक शेंगदाणा तसाच होता. मग तिनं तो सोलून त्यांना दिला.

"बोला," ती म्हणाली. "पण ते मार्चचं झालं. मधलं सोडून पुढं जायचं नाही."

दादा पँट झटकत उठायला लागले. "अगं, चारची बस जाईल."

"जाऊ द्या बस. बसा खाली," आई म्हणाली. "अजून फेब्रुवारीच चाललाय."

दादा बसले.